सहा मिनिटं कोणाची

नाव: दामोदर रामचंद्र कुंभोजकर. वय: पूर्ण वर्षे एकाहत्तर. धंदा: नगररचना कचेरीतील सेवानिवृत्त रचना सहायक. सदर इसम दिनांक २१ फेब्रुवारी २०२० रोजी नेदरलँड्स देशी, फेल्डहोवन मुक्कामी, विवाहित कन्येकडे कुटुंबभेटीच्या कारणाने पत्नीसह दाखल झाला. महासाथीमुळे परतीचे विमान रद्द झाल्याने त्यास मुक्कामाची मुदतवाढ देण्यात आली आहे. या देशात आपण कोणतेही काम, मोबदल्याने अथवा विनामोबदला, करणार नाही असे त्याने लिहून दिले आहे. ओळखीची खूण: चालताना ओठ हलतात.

हे वर्णन एका कागदावर असं सलग कुठेच नाही. चार वेगवेगळ्या फॉर्मांत मिळून ते आहे, शेवटचं वाक्य सोडून. ते शामलाबाईंचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी लग्नानंतर पहिल्यांदा दोघं फिरायला गेली तेव्हा नवरा जप करतोय असं समजून त्या बराच वेळ आदरानं गप्प राहिल्या होत्या. तो पावलं मोजत होता.

दामोदररावांचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं. कचेरीत मोजणीची टेप एकच, ती धरणारा शिपाई बहुधा रजेवर, त्यामुळे तेहतीस वर्षांत त्यांनी निम्मा जिल्हा पायांनी मोजला. निवृत्तीनंतर मोजणी थांबवायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती चालूच राहिली.

फेल्डहोवनमध्ये पायी चालणाऱ्या माणसाजवळ एकतर कुत्रा असतो, नाहीतर त्याची सायकल बिघडलेली असते. दामोदररावांजवळ कुत्रा नव्हता, म्हणून लोक त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघत. पहिल्याच आठवड्यात ते तांबड्या रंगाच्या प्रशस्त रस्त्यावरून चालत निघाले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एका बाई सायकलवरून उतरल्या आणि हा मार्ग सायकलींचा, तो पलीकडचा अरुंद तुमचा, असं त्यांनी इंग्रजीत, न रागावता, सविस्तर सांगितलं. अतिक्रमण इतक्या तत्परतेनं हटवलेलं दामोदररावांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी त्या बाईंची स्तुती केली.

मार्चमध्ये सगळंच बंद झालं. जावई ऋषभ कॉम्प्युटरच्या चिपा बनवण्याची यंत्रं बांधणाऱ्या कंपनीत होता. ती यंत्रं साथीसाठी थांबत नाहीत, त्यामुळे तो रोज जायचा. मुलीची, चैत्रालीची कचेरी मात्र घरी आली. ती आइंडहोवनच्या एका सल्लागार कंपनीत होती. कुठल्या गावात बस कुठून न्यावी, कुठे थांबवावी, याची गणितं मांडणं हे तिचं काम. घरात रिकामी जागा म्हणजे एक माळा, उतरत्या छपराचा. आणि माळ्यावर आधीच आईबाबांचा पलंग होता.

तोडगा दामोदररावांनीच काढला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला खोलीचा किती भाग दिसतो ते त्यांनी दोन दिवस तपासलं आणि जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून हद्द आखली. पट्टीच्या आत चैत्रालीचं ऑफिस. बाहेर पलंग, शामलाबाई, त्यांची औषधं आणि दामोदरराव.

"खिडकीकडे जायचं असेल तर रांगत जायचं," ते बायकोला म्हणाले.

"माझ्या गुडघ्यांनी?"

"मग मीटिंग संपेपर्यंत खिडकीकडे काम काढू नकोस."

चैत्रालीकडे तेव्हा टेक्ससमधल्या एका शहराचं काम होतं. शहराचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते वाढत होतं एवढं पुरे, आणि तिकडे वाढणारी गावं इतकी आहेत की नावानं फारसा उलगडा होणार नाही. नव्या वसाहती, नवे चौपदरी रस्ते, आणि त्यांच्या कडेनं पूर्वीपासून हळूहळू जाणाऱ्या बसगाड्या. बस जलद करायची होती, म्हणून थांबे कमी करायचे होते. डच लोकांना यातलं कळतं अशी जगात ख्याती आहे, म्हणून काम डचांना दिलं होतं. आराखडा तयार होता. जूनमधल्या एका गुरुवारी, तिथल्या दुपारी बाराला आणि इथल्या संध्याकाळी सातला, तो तिथल्या समितीपुढे ऑनलाइन ठेवायचा होता.

पट्टीच्या बाहेरून दामोदररावांना इंग्रजी अर्धंमुर्धं कळे. पण एके दिवशी लोकांचे अभिप्राय मागवल्याचं कानावर आलं आणि ते ताठ बसले. मीटिंग संपायची वाट बघून त्यांनी विचारलं, "हरकती किती आल्या?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस? आमच्याकडे तालुक्याच्या गावाला चारशे यायच्या. त्यातल्या दीडशे एकाच वकिलाच्या अक्षरात, पण यायच्या."

"ऑनलाइन फॉर्म होता, बाबा."

"आणि ज्यांच्याकडे ऑनलाइन नाही त्यांनी?"

"त्यांच्यासाठी लायब्ररीत कॉम्प्युटर ठेवलेत."

"लायब्ररी उघडी आहे?"

चैत्रालीनं लायब्ररीचं पान उघडून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "कोविडमुळे बंद आहे."

दामोदररावांनी मान डोलावली. ही पद्धत त्यांच्या ओळखीची होती.

त्या दिवसापासून ते तिच्या नकाशात लक्ष घालू लागले. मुलीनं हौसेनं दाखवलाही. नऊ वर्षं ती या देशात होती. तिचं काम नेमकं काय हे घरातल्या कुणी असं खुर्ची ओढून पाहिलं नव्हतं. चौदा नंबरच्या मार्गावर अकरा थांबे रद्द होत होते. प्रत्येक रद्द थांब्यावर हिरवा ठिपका, आणि ठिपक्यावर लिहिलेलं, पुढच्या थांब्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ. एकवीसशे सतरा नंबरच्या थांब्यावर होतं: ६ मिनिटे.

"किती मीटर?" दामोदररावांनी विचारलं.

"मीटरमध्ये नाही बघत आता, बाबा. लोकांना वेळ कळतो."

"बरं. सहा मिनिटं कोणाची?"

"म्हणजे?"

"कोण चाललंय? तुझी आई की ऋषभराव?"

"ॲव्हरेज असतं. मला कॉल आहे आता. पट्टी!"

दामोदरराव पट्टीबाहेर गेले, पण नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण त्यांनी पाहून ठेवलं होतं. संध्याकाळी पडद्याला फूटपट्टी लावून त्यांनी अंतर काढलं: एक हजार चारशे पन्नास मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरापासून एकोणीसशे तेहतीस पावलं चालले, आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या पुढे कालव्यापर्यंत. एकोणीस मिनिटं लागली. मग दुपारी शामलाबाईंना घेऊन तेच अंतर चालले. एकतीस मिनिटं, वाटेतल्या दोन बाकांसह.

"कशासाठी हे?" शामलाबाई दुसऱ्या बाकावर म्हणाल्या.

"टेक्ससचं काम आहे."

"तुम्हांला काम करायची मनाई आहे इथे. सही केलीय तुम्ही."

"हे काम नाही. फिरणं आहे."

शामलाबाईंनी पुढे विचारलं नाही, कारण नवरा जागेवर जाऊन बघायचं म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक खाण असते, हे त्यांना ठाऊक होतं. ती खाण अशी. दामोदररावांनी अख्ख्या नोकरीत एकच स्थळपाहणी जागेवर न जाता केली होती. सत्त्याऐंशी सालचा पावसाळा, अंगात ताप, आणि साहेबांना त्याच दिवशी अहवाल हवा. जुन्या नकाशात जागा मोकळी दिसत होती, त्यांनी टेबलावरून 'पाहणी केली, योग्य आहे' असं लिहून सही केली. आराखडा मंजूर झाला, आणि प्राथमिक शाळेचं आरक्षण पाण्यानं भरलेल्या दगडाच्या खाणीवर पडलं. पुढची अकरा वर्षं 'शाळा अद्याप का बांधली नाही' असा पत्रव्यवहार चालला. खाण उत्तर देत नव्हती. त्या वस्तीतली पोरं तोवर हमरस्ता ओलांडून पलीकडच्या गावी शाळेत जात राहिली. कुणाला काही झालं नाही. पण दामोदररावांनी त्यानंतर एकही सही बूट घातल्याशिवाय केली नाही.

टेक्ससला बूट घालून जाणं शक्य नव्हतं. पण रस्त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर असतात, बाणावर टिचकी मारली की माणूस पाच-दहा मीटर पुढे सरकतो, एवढं चैत्रालीनं त्यांना शिकवून ठेवलं होतं. रविवारी ती आणि ऋषभ सायकली घेऊन न्यूनेनच्या बाजूला गेल्यावर दामोदररावांनी खरोखरच बूट घातले, तिच्या खुर्चीत बसले आणि एकवीसशे सतरा नंबरच्या थांब्यावरून निघाले.

पहिल्या शंभर मीटरमध्येच पदपथ संपला. पुढे गवत, मग गटार, मग गाड्यांच्या दुकानाचं कुंपण थेट रस्त्याला भिडलेलं. झाड नाही. सायकलही नाही, तासाभरात एकच दिसली, ती एका ट्रकच्या मागे बांधलेली. दामोदररावांनी वहीत 'पदपथ नाही', 'पदपथ नाही' असं एकाखाली एक लिहीत पुढचा थांबा गाठला आणि परत फिरले. परत एकवीसशे सतराला आल्यावर ते थांबले.

थांबा म्हणजे नुसता खांब आणि पाटी. शेड नाही, बाक नाही. शेजारी विजेचा एक खांब, त्याची हातभर रुंदीची सावली जमिनीवर लांबच लांब पडलेली. आणि त्या सावलीत तीन माणसं एकामागे एक उभी होती, रेषेत, सावलीच्या बाहेर कोपरसुद्धा जाणार नाही अशी.

"अगं, इकडे ये," दामोदररावांनी हाक मारली. "हे कवायत कसली करतायत बघ."

शामलाबाई पट्टी ओलांडून आल्या. चष्मा वर-खाली केला. फोटोतले चेहरे नियमाप्रमाणे पुसलेले होते. मधल्या बाईच्या दंडावर, कोपराच्या वर, पांढरी पट्टी होती.

"ही डायलिसिसहून आलीय," शामलाबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"कशावरून काय? मनोहरदादाला तीन वर्षं मी नेत होते, आठवड्यातून तीनदा. अशीच पट्टी बांधून सोडतात. जरा पुढे घ्या."

दामोदररावांनी बाण दाबला. खांबाच्या मागे, पार्किंगच्या पलीकडे, एक बसकी इमारत होती आणि तिच्यावर पाटी होती. शामलाबाईंचं बरोबर होतं.

"इथला थांबा काढतायत?" त्यांनी विचारलं.

"हो. पुढचा सहा मिनिटांवर आहे."

"डायलिसिस झालेला माणूस उठून उभा राहिला तरी आपण हात धरतो," शामलाबाई म्हणाल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या.

सोमवारी सकाळी चैत्राली कॉफी घेऊन माळ्यावर आली तेव्हा कीबोर्डवर एक कागद होता. एका बाजूला सुपरमार्केटची जाहिरात. दुसऱ्या बाजूला, रचना सहायकाच्या वळणदार अक्षरात:

'प्रति, नियोजन प्राधिकारी, माळा, फेल्डहोवन. विषय: मार्ग क्र. १४ वरील थांबा क्र. २११७ रद्द करण्यास हरकत. महोदया, सदर थांब्यालगत डायलिसिस केंद्र आहे. पुढील थांबा १४५० मीटर. पदपथ नाही. सावली नाही. सहा मिनिटे हा कालावधी कोणत्या इसमाचा गृहीत धरला आहे, याचा खुलासा व्हावा. स्थळपाहणीची टिपणे सोबत जोडली आहेत.'

"बाबा, हे काय आहे?"

"हरकत."

"हरकत हितसंबंधितांनी घ्यायची असते. टेक्ससमध्ये तुमचा हितसंबंध काय?"

"मी पायी चालतो."

"मुदत संपली. तीस मेला."

"मुदतीनंतर आलेलीही नोंदवून घ्यायची. फेटाळायची तर फेटाळ, पण कारण लिहून फेटाळायची. तोंडी नाही."

चैत्रालीनं कप ठेवला. "बाबा, गुरुवारी प्रेझेंटेशन आहे. एकतीस जुलैला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. टीममधल्या दोघांची रिन्यू नाही केली त्यांनी. आणि मी आता जाऊन सांगू की वडिलांना एक खांब दिसला?"

"मी तुला काही कर म्हणत नाही," दामोदरराव म्हणाले. "खाणीत पाणी होतं, एवढंच."

"खाण नका काढू! दुसरीत असल्यापासून ऐकतेय मी ती खाण."

"पाहुणे म्हणून आलात आणि पोरीची नोकरी घालवताय," शामलाबाई पलंगावरून म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, कुणाकडे न बघता, "पण तिच्या दंडावरची पट्टी मी बघितलीय हो."

दोघं खाली गेली. चैत्राली कारण लिहून हरकत फेटाळायला बसली. कारण लिहायचं तर सहा मिनिटं कुठून आली ते दाखवायला हवं, म्हणून तिनं गणिताच्या पोटातली पानं उघडली. चौथ्या पानावर एक चौकट होती: थांब्यापर्यंत येण्याचं साधन. तिथे सायकलवर खूण होती. वेग ताशी पंधरा किलोमीटर.

ही खूण कुणी केलेली नव्हती. कंपनीच्या सगळ्या गणितांत ती पहिल्यापासूनच असे. नायमेखनला असे, आइंडहोवनला असे, आणि तिथे ती खरीही होती. काढायची वेळ कधी आलीच नव्हती. चैत्रालीच्या स्वतःच्या मनातही, बसस्टॉपवर माणूस येतो म्हणजे सायकलवर येतो, हे केव्हा जाऊन बसलं ते तिला कळलं नव्हतं. इथे आली तेव्हा तर तिला सायकल धड वळवता येत नव्हती.

तिनं खूण काढली. चौकटीत 'पायी' निवडलं, वेगात बाबांचा आकडा घातला. नकाशाला गोवर आला. अकराही ठिपके लाल, आणि एकवीसशे सतरावर सहाच्या जागी एकोणीस.

मग तिनं खूण परत केली. ठिपके हिरवे झाले. हिरवे ठिपके बघत तिनं गार झालेली कॉफी संपवली आणि साहेबाला, यरूनला फोन लावला.

खाली आईबाबांना वरून डच भाषेचा आवाज येत होता, तेवढाच. शामलाबाई भेंडी चिरत होत्या आणि एकच भेंडी फार बारीक झाली होती. दामोदरराव स्वयंपाकघराची लांबी मोजत होते; ती त्यांना आधीच पाठ होती.

वीस मिनिटांनी चैत्राली खाली आली.

"काय म्हणाला?"

"'स्टॉम' म्हणाला."

"म्हणजे?"

"मूर्खपणा."

"कोणाचा?"

"ते नाही सांगितलं. बहुतेक सगळ्यांचा." ती खुर्चीवर बसली. "कसं सापडलं म्हणून विचारलं त्यानं. मी म्हटलं, वडील चालत जाऊन आले. तो म्हणाला, टेक्ससला? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग म्हणाला, आकडे नव्यानं काढ, गुरुवारी मी स्वतः सांगतो."

"आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट?" शामलाबाईंनी विचारलं.

"ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

गुरुवारी संध्याकाळी सातला माळ्याच्या खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. पट्टीबाहेर, पलंगावर, दोघं हितसंबंधित बसली होती. पडद्यावर समितीचे नऊ चौकोन. एका सभासदाचं जेवण चालू होतं, एकाच्या फक्त टोपीचा शेंडा दिसत होता. यरून बोलायला लागला. डच लोक वाईट बातमी हवामानासारखी सांगतात.

"आमची एक चूक झाली," तो म्हणाला. "तुमच्या लोकांकडे सायकली आहेत असं आम्ही धरलं होतं."

मग टोपीतून आवाज आला, "साहेब, इथे आज चाळीस डिग्री आहे."

पुढचा तासभर लाल ठिपक्यांवर चर्चा झाली. चैत्रालीनं आकडे वाचले, आणि एकवीसशे सतराला आल्यावर तो फोटो लावला. जेवणाऱ्या बाईंनी घास खाली ठेवला. त्या चौदा नंबरच्याच भागातून निवडून आल्या होत्या, आणि त्या रस्त्यानं रोज गाडीतून जात होत्या. "ही सावली मी कधी पाहिली नाही," त्या म्हणाल्या.

शेवटी चार थांबे परत ठेवायचं ठरलं; एकवीसशे सतरा त्यांत होता. उरलेले सात 'पुनर्विचारासाठी' बाजूला काढले. पुनर्विचार म्हणजे काय ते दामोदररावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शामलाबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली तेव्हा ते त्या सातांची नावं वहीत उतरवून घेत होते.

"चार मिळाले ना?" त्या म्हणाल्या.

"हो. चार मिळाले."

चैत्रालीचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: आराखड्यातील दुरुस्ती पूर्ण करण्यासाठी. अंतिम अहवालात बत्तिसाव्या पानावर तळटीप आली, 'अंतर्गत गुणवत्ता तपासणीत आढळलेली त्रुटी'. तिनं ती बाबांना मराठीत वाचून दाखवली.

"अंतर्गत म्हणजे मी?"

"माळा म्हणजे अंतर्गतच की, बाबा."

ऑगस्टमध्ये दोघांना मुंबईच्या विमानात जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी शामलाबाई वाकून निळी पट्टी काढायला लागल्या, तर चैत्राली म्हणाली, "राहू दे गं." विमानतळावर अधिकाऱ्यानं मुदतवाढीचा कागद उलटसुलट पाहिला आणि इतके महिने काय केलंत असं विचारलं.

"फिरलो," दामोदरराव म्हणाले. शामलाबाई दुसरीकडे बघत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या रस्त्याचे नवे फोटो आले. चैत्रालीनं बाबांना एक पाठवला. शेड बांधायचं मंजूर झालेलं आहे असं ऐकलं होतं, ते फोटोत नव्हतं. विजेच्या खांबाच्या सावलीत चार माणसं ओळीनं उभी होती.

सदर इसम दिनांक १४ ऑगस्ट २०२० रोजी देश सोडून गेला असून येथील वास्तव्यात त्याने कोणतेही काम केल्याची नोंद नाही.

चौदा नंबरची बस एकवीसशे सतराला थांबते.